घराची नाल

पोकर या खेळाचा उगम कुठला, या विषयावर पनवेल तालुक्यात माझ्याइतकं वाचलेला माणूस बहुधा दुसरा नसेल. हे मी फुशारकीनं सांगत नाही. उलट, हे सगळं डोक्यातून पुसून देणारा कुणी डॉक्टर असेल, तर मी सकाळी सहापासून त्याच्या दाराशी नंबर लावून बसेन.

मी भाषांतरं करतो. मिक्सरच्या खोक्यातली पुस्तिका, विम्याचं पत्रक, औषधाच्या डबीतला आठ घड्यांचा कागद, यांतलं मराठी कोण लिहितं असा प्रश्न तुम्हाला कधी पडला नसेल. ते माझ्यासारखा कुणीतरी लिहितो आणि ते कुणी वाचत नाही. नवीन पनवेलच्या दोन खोल्यांत बसून मी वीसेक वर्षं हे करतोय. आपण लिहिलेलं कुणी मन लावून वाचेल अशी भीती मला कधी वाटलीच नाही. साऱ्या आयुष्यात मन लावून वाचणारा एकच वाचक मला मिळाला, आणि तो माझा सख्खा थोरला भाऊ निघाला.

दादा गावातच राहतो. आमचं गाव खाडीकडचं. आजोबांचं मिठागर होतं, वडिलांची भातशेती होती. शहर वसवायला सरकारनं दोन्ही घेतलं आणि घेतलेल्यातली साडेबारा टक्के जमीन प्लॉट करून परत देऊ, असं सांगितलं. या भागात 'साडेबारा टक्के' म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही. वडील अर्ज करत राहिले. साहेब बदलत होते, वडील तेच होते. शेवटी वडीलही गेले, आणि त्यानंतर काही वर्षांनी प्लॉट आला. मी माझा हक्क सोडून तो दादाच्या नावावर करून दिला. त्यात माझा काही मोठेपणा नाही. त्यानं आठवीत शाळा सोडून रेतीच्या गाडीवर काम केलं म्हणून मी कॉलेजात गेलो, हे मला विसरता येत नव्हतं.

तर मला कामं देणाऱ्या एजन्सीकडून हे काम आलं ते असं. पत्त्यांचं एक अ‍ॅप होतं, त्यांना मराठी हवी होती. नियम, अटी, बटणांवरचे शब्द आणि शेवटी एक लांबलचक लेख: पोकरचा उगम आणि इतिहास. आधी त्यांनी मशीनकडून भाषांतर करून घेतलं होतं आणि ते मला दुरुस्तीला पाठवलं होतं. मी ते वाचून एकटाच मोठ्यांदा हसलो. कंपनी प्रत्येक डावातून आपला जो हिस्सा कापून घेते त्याला इंग्रजीत 'रेक' म्हणतात; मशीननं त्याचं शेतातलं अवजार केलं होतं. 'प्रत्येक डावातून दंताळे घेतले जाईल.' मी एजन्सीला कळवलं, दुरुस्ती जमणार नाही, नव्यानं लिहून देतो.

आणि मी खरंच नव्यानं लिहिलं. इतकी वर्षं वॉरंटीच्या अटी लिहून बोटं आंबली होती, त्यात हा विषय हाती आला. पंधरा दिवस मी पिसाळल्यासारखा वाचत होतो. इराणात राजदरबारी 'आस नास' नावाचा खेळ होता. त्याची पानं पाच जातींची, त्यांत सिंह, राजा, बेगम, शिपाई आणि नाचणारीण. इराणी खलाशांनी तो न्यू ऑर्लिन्समधल्या फ्रेंचांना शिकवला आणि त्यातून पोकर जन्मलं, असं कित्येक वर्षं सगळे लिहीत आले. गोष्ट फक्कड आहे, फक्त तिला पुरावा नाही. त्या इराणी खेळाची वर्णनं सापडतात ती पोकर चांगलं रुळल्यानंतरची. त्यापेक्षा खरी वाटणारी वाट युरोपातून येते. जर्मनांचा एक खेळ होता, त्याच्या नावाचा अर्थ ठोकणं. टेबल ठोकून सांगायचं, माझी पानं भारी, हिंमत असेल तर या. फ्रेंचांनी त्याचं 'पोक' केलं. ते बोटीतून अमेरिकेत गेलं, मिसिसिपी नदीवरच्या वाफेच्या बोटींवर चढलं आणि तिथे त्याचं पोकर झालं. सुरुवातीला सगळी मिळून वीसच पानं असत. चार जणांना पाच-पाच वाटली की जोड संपला. बावन्न पानं नंतर आली, म्हणजे जास्त गिऱ्हाइकं बसवता यावीत.

आणि इंग्रजांचा 'ब्रॅग' होता. ब्रॅग म्हणजे सरळ सरळ बढाई. तोही ठोकून बोलण्याचाच खेळ, पण तीन पानांचा. तो साहेबांबरोबर इकडे आला आणि आपली तीन पत्ती झाला, असं मानतात. म्हणजे गणपतीपुढे सतरंजी टाकून आमच्या घरात जे चालायचं ते आणि त्या दूरच्या नदीवर टोप्या घातलेले लोक जे खेळत ते, दोन्ही एकाच रक्ताची चुलत भावंडं. हे कळल्यावर मला फार आनंद झाला होता. आता त्या आनंदाची किळस येते.

आस नासला पुरावा नाही, हे मी एजन्सीला लिहून कळवलं. तिकडून उत्तर आलं, राजदरबार ठेवा. मी ठेवला. इतिहास कसा बनतो, ते तेव्हा मला घरबसल्या कळलं.

मग त्या 'रेक'पाशी आलो. त्यांनी सुचवलेला शब्द होता 'प्लॅटफॉर्म शुल्क'. मला तो वाचूनच जांभई आली. या गोष्टीला आपल्याकडे शब्द आहे की! नाल. ज्याच्या घरात डाव बसतो तो घरवाला प्रत्येक डावातून आपला वाटा काढतो, ती नाल. पोलिसांच्या पंचनाम्यातही हाच शब्द असतो. पण माझ्याकडे तो पंचनाम्यातून आलेला नव्हता. तो वडिलांच्या तोंडून आला होता.

आमच्याकडे गौरी-गणपतीत दुपारच्या जेवणानंतर पाहुणे, भाऊबंद, सगळे देवापुढे तीन पत्ती खेळायला बसत. चिल्लर नाणी असायची. वडील स्वतः खेळत नसत. ते पितळेचा एक पेला घेऊन बाजूला बसत आणि प्रत्येक डावातून एक नाणं पेल्यात टाकत. "घराची नाल," असं म्हणत. विसर्जन करून खाडीवरून ओलेत्यानं परत आलो, की त्या नालेतून आणलेली जिलेबी आणि भजी अंगणात वाटली जात. वाटायचा वडिलांचा नेम असा की, जो सगळ्यांत जास्त हरला असेल त्याच्या हातात पहिला द्रोण. हरलेला माणूस आधी लाजायचा, मग हसायचा, मग खायचा. दरवर्षी पहिला द्रोण दादाला मिळे. त्याला पत्ते कधीच जमले नाहीत. बदाम आणि चौकट यांत तो घोटाळा करी, आणि हातात चांगली पानं आली की त्याचे कान लाल होत.

शिवाय या शब्दात आमच्यापुरती आणखी एक गंमत आहे. आमच्या बोलीत 'ळ' नाही. डोळा म्हणजे डोला, बाळ म्हणजे बाल. त्यामुळे मूल जन्मल्यावर कापून पुरतात ती नाळसुद्धा आम्हाला नालच. "तुमची दोगांची नाल या पडवीखाली पुरलीय," असं आई सांगायची. डावातली नाल आणि पडवीखालची नाल हे दोन वेगळे शब्द आहेत, हे मला कॉलेजात कळलं. दादा कॉलेजात गेला नाही.

अ‍ॅपवाल्यांच्या बाईंचा फोन आला. हिंदीत बोलत होत्या, आवाज गोड. "सर, ये नाल क्या है? निगेटिव्ह तो नहीं लगेगा?" मी तिथेच थांबायला हवं होतं. 'लावा तुमचं शुल्क' म्हणून फोन ठेवायला हवा होता. पण माझ्या शब्दाला कुणी हात लावला की मला राग येतो. मी अर्धा तास त्यांना नाल समजावून सांगितली. पितळेचा पेला सांगितला, जिलेबी सांगितली, हरलेल्याला पहिला द्रोण सांगितला. बाई खूश झाल्या. म्हणाल्या, किती सुंदर आहे हे, एक वाक्य याच्यावरही लिहा ना. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. मी लगेच लिहून दिलं:

'आपल्याकडे सणासुदीच्या डावात घराची नाल काढतात आणि ती शेवटी साऱ्यांच्याच वाट्याला परत येते, हरलेल्याच्या आधी. आमचीही नाल अशीच, घरची.'

इंग्रजीत यातलं अक्षर नव्हतं. माझ्या उभ्या आयुष्यात मी लिहिलेलं हे सगळ्यांत चांगलं वाक्य आहे, असं मला त्या दिवशी वाटलं होतं. बिल पाठवलं, पैसे आले, आणि मी पुढच्या कामाला लागलो. ते एका पाण्याच्या मोटरीचं होतं.

वर्षभरानं एका रविवारी गावी गेलो. दादाला मोबाइलवर पत्त्यांचा नाद लागलाय हे मला माहीत होतं, पण कुठल्या अ‍ॅपवर ते मी कधी विचारलं नव्हतं. दादा पडवीत खुर्ची टाकून बसला होता. मला बघून त्याचे डोळे चमकले. आत जाऊन त्यानं एक प्लास्टिकची फाइल आणली. ही फाइल मला चांगली ओळखीची होती. तिच्यात सातबारा, प्लॉटचे कागद आणि वडिलांच्या अर्जांच्या, पोच म्हणून शिक्के मारून घेतलेल्या प्रती असत. त्यातूनच त्यानं तीन रंगीत कागद काढले. तहसील कचेरीजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून मोबाइलमधला मजकूर छापून आणला होता.

"बाला, यो बग. यो वाच. मंग मना जुगारी बोल."

वर मथळा होता, 'पोकरचा उगम आणि इतिहास'. खाली माझं मराठी. त्यानं काही ओळींखाली बॉलपेननं रेघा मारल्या होत्या. इराणच्या राजदरबाराखाली रेघ. मिसिसिपीखाली रेघ. नालेच्या वाक्याखाली दोन रेघा.

"राजेलोकांचा खेल हाय," दादा म्हणाला. "डोक्याचा खेल हाय, नशिबाचा नाय. आन यो लिवनारा कोन हाय म्हाईत हाय? यो आपलाच कुनीतरी मानूस हाय. भायेरच्याला नाल कशाला म्हाईत असंल? हरलेल्याच्या आधी, बग, बाबांचा नेम बी म्हाईत हाय त्याना. आपला मानूस आपल्याला बुडवील काय?"

तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय बाकीचं सांगण्यात अर्थ नाही. मला आनंद झाला. आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझ्या ओळींखाली रेघा मारल्या होत्या. 'दादा, मीच तो' हे शब्द ओठांपर्यंत आले आणि तिथेच थांबले, कारण त्याच क्षणी मला पुढचंही दिसलं: या ओळींवर विसंबून तो पैसे लावत होता.  चहा घेतला आणि परत आलो.

त्या दिवशी बोललो असतो तर प्लॉट वाचला असता की नाही, कुणास ठाऊक. पण बोललो नाही, हे मात्र नक्की ठाऊक आहे.

तोवर तो नुसता खेळत नव्हता, बुडत होता. तीन पत्तीतून पोकरमध्ये गेला होता. मध्ये उघडी मांडतात त्या पानांची इंग्रजी नावं त्यानं आपल्या परीनं लावली होती. शेवटच्या, पाचव्या पानाला 'रिव्हर' म्हणतात. दादा त्याला खाडी म्हणे. "खाडीवर वाचलो," "खाडीनं घात केला," असं चालायचं. ऐकून मला हसू यायचं. मी हसायचोदेखील. भाषांतर माझ्यापेक्षा चांगलं करतो, असं त्याला चिडवायचो. मोबाइलमध्ये कान लाल झालेले समोरच्याला दिसत नाहीत, म्हणून आपण आता चांगले खेळतो, असं तो म्हणे. पण हरणं काही बदललं नव्हतं. फरक इतकाच की आता हरण्याची त्याला भीती वाटत नव्हती. जितका जास्त हरेन तितकी माझी नाल साठतेय, असा त्याचा हिशेब होता. आणि हरलेल्याला आधी.

एका पावसाळ्यात प्लॉट बिल्डरला गेला. सही करून आल्यावर त्यानं मला कळवलं.

वहिनीनं भांडून पाहिलं, उपास करून पाहिले, मोबाइल तांदळाच्या डब्यात लपवून पाहिला. शेवटी ती मुलीला घेऊन उरणला माहेरी निघून गेली. मुलगी दहावीत होती, तिचं वर्ष तिकडच्या शाळेत गेलं. वहिनीच्या माहेरचीही जमीन बंदराच्या कामात गेलेली. तिथल्या घरातही तसलीच प्लास्टिकची फाइल खुंटीला टांगलेली असते.

मग कायदा आला आणि पैशांवर चालणारे असे सगळे खेळ बंद झाले. बैल गेला आणि झोपा केला. अ‍ॅप उघडलं की एक सूचना दिसायची, तुमची शिल्लक काढून घ्या. दादाची शिल्लक काहीच नव्हती. मला वाटलं, चला, एकदाचं संपलं. गेलं ते गेलं, पण माणूस तरी सुटला. खरंच इतका मूर्ख विचार मी केला.

दादा सुटला नव्हता. तो वाट बघायला बसला होता. विसर्जन झालं, आता नाल वाटणार, असं त्याच्या डोक्यात पक्कं होतं. सकाळी आंघोळ करून, शर्ट घालून तो पडवीत बसे. पोस्टमन गेला की आत जाऊन जेवे. कामाला जाईना. मिळालेलं काम सोडून दिलं. गावातली माणसं आधी हसली, मग त्यांनी त्याच्यासमोर हसणं सोडून दिलं, हे जास्त वाईट होतं. मी किती वेळा सांगितलं, दादा, ती कंपनी, ती कशाला देईल. तो शांतपणे फाइल उघडून दोन रेघांवर बोट ठेवी. लेखी आहे म्हणे.

गेल्या मार्चमध्ये मी उरणला वहिनीकडे गेलो. तिनं मला पाणी दिलं आणि समोर बसली. वाळली होती.

"भावजी," ती म्हणाली, "मना पैसा नको, प्लॉट नको. गेला तो गेला, येवडाच त्यांनी एकदा तोंडानी बोलावा. दुसऱ्या दिवशी पोरीला घेऊन घरी येते का नाय बगा. पन वाट बगत बसलेल्या मानसाजवल मी नाय ऱ्हानार. माजा बाप तसाच मेलाय."

एवढंच होतं. एक वाक्य. गेलं ते गेलं. ते दादानं म्हटलं असतं तर घर परत उभं राहिलं असतं. आणि दादा ते म्हणत नव्हता, कारण कुणा एका आपल्या माणसानं त्याला लिहून दिलं होतं की नाल परत येते. तो आपला माणूस कोण हे जगात फक्त मला माहीत होतं. म्हणजे हे मोडायचं तर मीच मोडायला हवं होतं. परतीच्या एसटीत बसून मी ठरवलं, सांगायचं. त्यानं थोबाडीत दिली तरी चालेल, आयुष्यभर तोंड बघितलं नाही तरी चालेल. पण सांगायचं. खरं सांगतो, मला जरा हलकंही वाटत होतं. आपली लाज सांगून टाकली की समोरचा माणूस सुधारतो, असा काहीतरी माझा समज होता.

दुसऱ्याच दिवशी दुपारी गावी गेलो. दादा पडवीत होता. शर्ट इस्त्रीचा. मी त्याच्यासमोर जमिनीवर बसलो, आणि शहरातलं मराठी बाजूला ठेवून बोललो.

"दादा, त्या फायलीतला लेख मी लिवलाय."

तो माझ्याकडे बघत राहिला. "कनचा लेख?"

"पोकरचा. मना काम आला व्हता, मी पैसे घेऊन लिवला. ती नालेची ओल बी माजीच. इंग्रजीत नव्हती. मना शब्द आवडला म्हनून मी मनानं घातली. कंपनीची नाल परत येत नाय, दादा. ती निसती घेतात. तुज्यावानी कुनी इस्वास ठेवील, असा मना वाटला नव्हता."

 मी मान खाली घालून बसलो आणि त्याच्या हाताची वाट बघू लागलो. हात आला नाही. वर बघितलं तर दादाचा चेहरा उजळला होता. कित्येक महिन्यांत मी तो तसा पाहिला नव्हता.

"तू लिवलास?" तो म्हणाला. "मी वरीसभर सगल्यांना सांगतोय, लिवनारा आपला मानूस हाय. आन तू घरातलाच निंगालास?" त्यानं कपाळावर हात मारून घेतला आणि हसला. "मंग आधी का नाय बोललास रं? मना मदी मदी शंका येत व्हती. तू लिवलास मंजी खोटा नसंल."

"खोटाच हाय, दादा. तेच सांगतोय."

"खोटा लिवून तुजा काय फायदा? तुना मना बुडवाचा व्हता काय?"

"नाय."

"मंग?"

  एका शब्दाच्या हौसेपायी मी लिहिलं, हे उत्तर भावाला कसं द्यायचं? त्याला ते कळलंही नसतं. आठवीत शाळा सोडून ज्याला शिकवलं, तो शिकलेला भाऊ हौस म्हणून खोटं लिहितो, हे त्याच्या जगात बसतच नव्हतं. त्यापेक्षा नाल परत येणं त्याला सोपं वाटत होतं.

तो पुढे झुकला आणि समजुतीच्या सुरात मला सांगू लागला. "बाबांना बी सगली येडाच बोलत. सायेब तोंडावर बोलला, गेलेली जमीन कवा परत येत नाय. पन बाबांनी लेखी धरून ठेवला. अर्ज करीत ऱ्हायले. आला का नाय प्लॉट?"

"आला," मी म्हणालो.

"मंग."

तो प्लॉट आज कुठे आहे, हे त्यानंही विचारलं नाही आणि मीही नाही. तिथे आता सात मजले झालेत. पडवीच्या टोकाला उभं राहिलं की वरचे दोन दिसतात.

दादा आत गेला आणि फुलस्केप कागद आणि पेन घेऊन आला. पाटही आणला, कागदाखाली धरायला. "लिव," म्हणाला. "मना त्यांचा पत्ता घावत नव्हता. तुज्याकडं असंल. ज्यानं लेख लिवला त्याच्याच हातचा अर्ज. नाय कसा बोलतील?"

मी उठून जाऊ शकत होतो. कागद फाडू शकत होतो. ओरडून सांगू शकत होतो की ती कंपनी आता नाही, ती बाई दुसरीकडे नोकरीला लागली असेल, त्या इराणी दरबाराला पुरावा नाही आणि आपल्या जिलेबीलाही आता आपल्या दोघांशिवाय साक्षीदार नाही. यातलं मी काहीच केलं नाही. मी पाट मांडीवर घेतला. माझा हात या कामाला सरावलेला आहे, तो आपोआप चालू लागला. 'प्रति, मा. व्यवस्थापक.' 'विषय : डावांमधून घेतलेली नाल परत मिळण्याबाबत.' 'महोदय, वरील विषयास अनुसरून विनंती की.' कुठेही खाडाखोड झाली नाही. दादानं वाचलं, दोनदा वाचलं, आणि खाली ठसठशीत सही केली. मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "आता मना काय कालजी नाय." त्या हातानं मला मारलं असतं तर बरं झालं असतं.

संध्याकाळी पनवेल स्टँडवर उतरलो तेव्हा वहिनीचा फोन आला. दादाला काहीतरी सांगायला जातोय, एवढं मी तिला सकाळी फोनवर कळवलं होतं. मागे मुलीच्या पाढे म्हटल्यासारखा वाचण्याचा आवाज येत होता.

"सांगितलंत?"

"सांगितलं."

"मंग? बोलले का ते?"

मी खांबाला टेकून उभा राहिलो. काय झालं ते मी तिला सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. लेख मी लिहिला हे सांगितलं, त्याला खोटं पटलं नाही हे सांगितलं, आणि आम्ही अर्ज केलाय हेही सांगितलं. आता ही तरी मला शिव्या देईल, असं वाटत होतं. घरात शहाणी म्हणून ती एकच उरली होती.

 पोरीचा आवाज थांबला. मग वहिनीनं हळूच विचारलं, "पोच घेतलीत का?"